प्रबंधाच्या परिपत्रकात चार ओळी वाढवा: कुलगुरूंना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू, पीएचडी विभागांचे अधिकारी, ग्रंथपाल आणि संशोधन मार्गदर्शक यांस,

सप्रेम नमस्कार.

लातुरात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रबंधाचं काम टायपिंगपासून हार्ड बाइंडिंगपर्यंत आमच्याकडे होतं. संशोधक येतो तो पेनड्राइव्हच्या आधी परिपत्रक काढून टेबलावर ठेवतो. राज्यातली बरीच आणि सीमेपलीकडची, कर्नाटकातलीही काही परिपत्रकं माझ्या हाताखालून गेली. सगळ्यांचा सूर एकच असतो. डावीकडे दीड इंच समास, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच. दोन ओळींत दीडपट अंतर. मजकूर अमुक पॉइंटात, प्रकरणाचं नाव तमुक पॉइंटात, ठळक आणि मध्यभागी. कव्हर या रंगाचं, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि पाठीवर वर्ष वरून खाली लिहायचं की खालून वर, तेसुद्धा.

हे सगळं पान दिसावं कसं याबद्दल आहे. पानावरची वस्तू आहे काय, याबद्दल त्यात एक शब्द नसतो. ही ओळ प्रकरणाचं नाव आहे की नुसती ठळक केलेली ओळ? हे आकडे तक्त्यात आहेत की टॅब मारमारून एकाखाली एक बसवलेत? हे समीकरण आहे की समीकरणाचा फोटो? डोळे असलेल्या माणसाला ते बघून कळतं. फाईलला कळत नाही, कारण फाईलला कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगायला लावा, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे.

सांगायचं कसं, ते जुनंच आहे. मजकुरात खुणा घालायच्या: इथे मथळा सुरू, इथे संपला, हा परिच्छेद, ही तळटीप, हा तक्त्याचा शीर्षस्तंभ. अशा खुणांच्या भाषांना मार्कअप भाषा म्हणतात. लेस्ली लॅम्पोर्ट यांचं लाटेक १९८० च्या दशकातलं. एसजीएमएल १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्याच घराण्यातल्या एचटीएमएलवर आज इंटरनेटचं प्रत्येक पान उभं आहे. आणि आमच्या दुकानात ज्याच्यावर दिवस जातो त्या वर्डची फाईलसुद्धा आतून एक्सएमएल या मार्कअप भाषेतच असते. म्हणजे खुणा करायची सोय प्रत्येक टायपिंगवाल्याच्या समोर आहे, स्टाइल्स नावाच्या पट्टीत. ओळ निवडून ठळक केली, अठरा पॉइंट केली, मध्ये घेतली, तर ती फक्त मोठी दिसणारी ओळ झाली. तीच ओळ निवडून ‘हेडिंग १’ वर क्लिक केलं तर ती मथळा झाली. छापल्यावर दोन्हींत फरक शोधून सापडणार नाही, म्हणून परिपत्रकाच्या हिशेबाने दोन्ही पास.

फरक कुठे पडतो ते सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या एका संशोधक ताईंना दिसत नाही. औसा तालुक्यातल्या, विषय अर्थशास्त्र. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या टंचाईत बचत गटांचं काय झालं यावर त्यांचं काम. आधीच्या संशोधनाचा आढावा लिहायचा म्हणून त्यांनी बरेच जुने प्रबंध उतरवून घेतले होते आणि ते त्यांना वाचता येईनात. लॅपटॉपवर त्या एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतात. मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, आणि त्याच्यासोबत येणारा आवाज मराठीही बोलतो. एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी, टी दाबलं की पुढच्या तक्त्यावर. आपण पानं चाळतो तसं त्या कानांनी चाळतात.

पहिला प्रबंध उघडला, एच दाबलं. ‘नो नेक्स्ट हेडिंग.’ पुन्हा दाबलं, तेच. आख्ख्या प्रबंधात सॉफ्टवेअरच्या लेखी एकही मथळा नव्हता. निष्कर्षाचं प्रकरण गाठायचं तर पहिल्या पानावरच्या प्रतिज्ञापत्रापासून ऐकत यायचं. दुसरा उघडला तर आवाज काहीतरी अगम्य पुटपुटू लागला. त्यांनी एक शब्द अक्षर-अक्षर वाचायला लावला: ई, जे, के, बी, एच. “दादा, हे काय बोलायलंय हो?” मला लगेच कळलं, कारण ही बोटांची जुनी ओळख आहे. कृतिदेव या जुन्या देवनागरी फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप करायला याच कळा दाबतात. तिसरी फाईल उघडली तेव्हा सॉफ्टवेअर काहीच बोलेना. तो संपूर्ण प्रबंध स्कॅन केलेला होता, म्हणजे शेकडो फोटो एकामागे एक.

तिन्ही रोग वेगळे आहेत, म्हणून वेगळे सांगतो.

कृतिदेवचा रोग सगळ्यात जुना. या फाँटांत फाईलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरं. फाँट त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवतो. फाँट काढला की मराठी गेली. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले होते आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी ती लिपी उकलेपर्यंत बाहेरच्या वाचकाला आत शिरायला वाट नव्हती. पण ग्रंथ कुणाच्याही हाती पडू नये असं महानुभावांना खरोखर वाटत होतं. आपल्याला तसं काही वाटत नाही. आपल्याला फक्त कीबोर्डची सवय मोडायची नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनावर कुणी त्या काळात काम करून संगणकावर टाइप केलं असेल, तर ते बहुधा असल्याच एखाद्या फाँटात अडकून पडलं असेल. जाता जाता एक गोष्ट मार्गदर्शकांच्या कानावर घालतो. कृतिदेवमधला प्रबंध साम्य तपासणीला, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचललाय का ते बघायला टाकला, तर त्या यंत्रापुढे मराठी जातच नाही, इंग्रजी अक्षरांची भेळ जाते. त्या अहवालातल्या कमी टक्क्यांवर खूश होण्याआधी फाँट कोणता होता ते विचारत जा.

युनिकोडमध्ये, म्हणजे फाईलमध्ये खरी मराठी अक्षरंच साठतात त्या पद्धतीत टाइप केलं की झालं, असंही नाही. पीडीएफ ही मुळात पानावर कोणता आकार कुठे छापायचा हे सांगणारी फाईल. ऱ्हस्व वेलांटी आपण बोलतो अक्षरानंतर, पण छापली जाते अक्षराच्या आधी. त्यामुळे कित्येक पीडीएफांतून ‘विद्यापीठ’ कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की वेलांटी भलत्याच ठिकाणी जाते आणि जोडाक्षर फुटतं. तुम्हीही करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. स्क्रीन रीडरला हेच फुटकं अक्षर ऐकवावं लागतं. एचटीएमएल किंवा ईपब (ई-पुस्तकाच्या) फाईलीत ही भानगड नाही, कारण तिथे आधी मजकूर असतो आणि आकार नंतर, वाचणाऱ्याच्या यंत्रावर ठरतो.

दुसरा रोग खुणा नसण्याचा, आणि त्यात एक चोरवाट आहे जी बहुतेकांना माहीत नसते. समजा संशोधकाने कष्टाने सगळे मथळे हेडिंगमध्ये बसवले. शेवटी पीडीएफ करताना तो प्रिंटचा हुकूम देतो आणि प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडतो. झालं. सगळ्या खुणा गळून पडल्या, कारण प्रिंटरला कागदापलीकडचं काही कळत नाही. ‘सेव्ह अ‍ॅज’ मधून पीडीएफ केली आणि तिथल्या पर्यायांत सुलभतेसाठीचे रचना टॅग चालू ठेवले, तर खुणा पीडीएफमध्ये उतरतात. अशा टॅग असलेल्या पीडीएफचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, पीडीएफ/यूए, २०१२ पासून. एका चुकीच्या बटणाने काही वर्षांच्या कामाचं दार बंद होतं, आणि ते बटण दाबू नका हे परिपत्रकाने सांगायला काही खर्च येत नाही.

तिसरा, स्कॅनचा रोग तर आपण नियमाने लावून घेतलाय. मार्गदर्शकांची सही हवी, शिक्का हवा. म्हणून संशोधक प्रबंध छापतो, सह्या घेतो आणि मग सहीची तीन-चार पानं स्कॅन करायच्या ऐवजी अख्खा गठ्ठा स्कॅन करून सीडीवर टाकतो. चांगली जिवंत फाईल त्याच्याच लॅपटॉपमध्ये असते, पण ती कुणी मागितलेली नसते.

आता गणिताकडे येतो, कारण ताईंचं खरं अडलं ते तिथे. त्यांना एका प्रबंधातलं प्रतिगमनाचं समीकरण हवं होतं. तिथे सॉफ्टवेअर म्हणालं, ‘ग्राफिक’. समीकरण चित्र म्हणून चिकटवलं होतं. चित्र नसतं तरी प्रश्न सुटला असता असं नाही. ‘अ अधिक ब भागिले क’ असं कानावर पडलं तर भागायचं कशाला, एकट्या ब ला की अ अधिक ब ला? कागदावर आडवी रेघ ते सांगते. कानाला रेघ दिसत नाही. अपूर्णांक कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे फाईलनेच सांगायला हवं.

हा प्रश्न सोडवणारा माणूस आपल्याच राज्यातला. टी. व्ही. रामन पुण्यात जन्मले, चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुण्यात गणित शिकले, पुढे आयआयटी मुंबई केलं. कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली त्यांनी पीएचडीसाठी जे काम सादर केलं ते म्हणजे लाटेकमधली कागदपत्रं बोलून दाखवणारी प्रणाली, अ‍ॅस्टर. घातांक आला की आवाज चढतो, खालचा अंक आला की उतरतो. लांबलचक समीकरण आलं तर आधी त्याचा सांगाडा ऐकता येतो आणि मग हवा तो भाग उघडून. हे जमलं ते लाटेकमुळे. लाटेकमध्ये अपूर्णांक लिहिताना अंश हा आणि छेद हा असं लेखकालाच लिहावं लागतं. त्याच पानाचा फोटो रामन यांच्या हाती दिला असता तर अ‍ॅस्टरला बोलायला काही उरलं नसतं.

त्यानंतर चार वर्षांनी, १९९८ साली, वेबसाठी मॅथएमएल आलं आणि समीकरणाच्या खुणा एचटीएमएलमध्ये घालता येऊ लागल्या. क्रोमने ते नीट स्वीकारायला २०२३ उजाडलं, हे खरं. पण आता मोठे ब्राउझर ते दाखवतात आणि एनव्हीडीएला मॅथकॅट नावाची मोफत जोड दिली की समीकरण बोललं जातं, ब्रेलमध्येही मिळतं. भौतिकशास्त्र-गणिताचे लोक जिथे आपले निबंध टाकतात त्या आर्काइव्हने डिसेंबर २०२३ पासून नव्या निबंधांची एचटीएमएल आवृत्तीही द्यायला सुरुवात केली, आणि ती लेखकांनी दिलेल्या लाटेक फाईलीवरूनच तयार होते. आपल्याकडचे गणिताचे, संख्याशास्त्राचे विद्यार्थी लाटेक वापरतातच की. माझ्याकडे ते फक्त बाइंडिंगला येतात, टायपिंगला नाही. पण विभागात जमा होते ती पीडीएफ, आणि लाटेकची मूळ फाईल संशोधकाच्या लॅपटॉपबरोबर काही वर्षांत भंगारात जाते.

तक्त्यांचं थोडक्यात. आपल्याकडच्या प्रबंधांत तालुकावार पावसाचे तक्ते भरपूर. तक्ता नीट केला आणि वरच्या ओळीला शीर्षओळ म्हणून खूण केली, की एनव्हीडीएमध्ये बाणाने घराघरातून फिरता येतं आणि आकड्याआधी त्याचा स्तंभ ऐकू येतो. स्पेस मारून जुळवलेल्या तक्त्यात नुसते आकडे ऐकू येतात, कुठल्या तालुक्याचा कुठला महिना ते देव जाणे. आणि दिसायला छान म्हणून घरं एकमेकांत मिसळायची जी हौस असते, ती जरा आवरा.

आकृत्यांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राच्या जागी ऐकू येणारं वर्णन, द्यायला सांगा, पण तो ‘नकाशा’ एवढाच नको. मांजरा खोऱ्याचा नकाशा असेल तर कोणते तालुके आत आले, कुठल्या भागात विहिरींची पातळी खोल गेली हे दोन वाक्यांत लिहा. हे काम टायपिंगवाल्याचं नाही, संशोधकाचंच आहे. ज्याला आपल्या नकाशावर दोन वाक्यं सुचत नाहीत त्याने तो नकाशा कशाला घातला, हे मार्गदर्शकांनी विचारायला हरकत नाही.

कायदा तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे, तरी लिहितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. त्याच कायद्याचं कलम ४२ म्हणतं की ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला सगळा मजकूर सुलभ रूपात असावा, आणि ते बघणं शासनाचं काम. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं की सुलभतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाही, सक्तीचे करा. ‘आमच्याकडे दृष्टिहीन संशोधक आहेत किती?’ असं मला एका मार्गदर्शकांनी दुकानात विचारलं. मी म्हटलं, सर, प्रवेश तर दिला, पण वाचायला काही मिळालं नाही तर ते टिकतील किती?

शिवाय फायदा त्यांच्यापुरता नाही. किनवटचा किंवा भूमचा मुलगा प्रबंध वाचतो तो मोबाईलवर. ए-फोर आकाराची पीडीएफ त्याला डावीकडून उजवीकडे ढकलत वाचावी लागते. एचटीएमएल, ईपब पडद्याच्या मापाने ओळी मोडून घेतं आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. संशोधकाचाही वेळ वाचतो. हेडिंग लावलेल्या फाईलीत अनुक्रमणिका एका क्लिकने होते. नाहीतर शेवटच्या रात्री एक परिच्छेद वाढला की आम्ही टिंबं-टिंबं मारून केलेली अनुक्रमणिका पानागणिक दुरुस्त करत बसतो, आणि त्याचे पैसे संशोधकच देतो.

माझं मागणं असं. प्रबंध युनिकोडमध्येच हवा, दुसरा फाँट आला तर परत. मथळे, तक्ते, तळटिपा स्टाइलनेच, आणि त्यासाठी वर्डची आणि लाटेकची एकेक नमुना फाईल विद्यापीठानेच संकेतस्थळावर ठेवावी. समासाची सगळी मापं त्यातच घालून टाका, म्हणजे तुमचंही तपासायचं काम कमी होईल. पीडीएफ टॅगसकट हवी, सहीची पानं तेवढी स्कॅन करून जोडावीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पीडीएफसोबत मूळ फाईल जमा करून घ्या. २००९ पासून यूजीसीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत घ्यायला लावलीच आहे, तिथे आणखी एक फाईल घ्यायला कपाट लागत नाही. मूळ फाईल नीट असेल तर पॅनडॉक नावाचं मोफत साधन तिच्यावरून एचटीएमएल आणि ईपब बनवतं. मथळे, तळटिपा, साधे तक्ते नीट उतरतात, वर्डमधली समीकरणंसुद्धा मॅथएमएलमध्ये येतात. हे काम ग्रंथालयात एक माणूस शिकला तरी होईल.

जुन्या प्रबंधांचं काय, हा प्रश्न येणारच. मराठवाड्यातलं पहिलं विद्यापीठ १९५८ चं, परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं, नांदेडचं १९९४ चं. सगळं बदलायला बसलात तर सुरुवातच होणार नाही. ज्या प्रबंधाची मागणी दृष्टिहीन विद्यार्थी करेल तो आधी घ्या. फाँट बदलून देणारी मोफत साधनं आहेत. मात्र मधले इंग्रजी शब्द त्यांत बिघडतात आणि काही जोडाक्षरंही, तेव्हा एकदा वाचून घ्यावं लागतं. परवानगीची भीती नको. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा दिव्यांग वाचकासाठी सुलभ प्रत करू देतो, आणि या विषयावरच्या माराकेश कराराला २०१४ साली सगळ्यात आधी मान्यता देणारा देश आपलाच.

शेवटची विनंती जरा धीर करून लिहितो. असलं काही निघालं की कार्यशाळा होते आणि तिला प्राध्यापकांना बोलावतात. प्रबंधाच्या फाईलला शेवटचा हात लागतो तो आमचा, विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या आणि तालुक्याच्या चौकातल्या टायपिंगवाल्यांचा. स्टाइल लावायची की नुसतं ठळक करायचं, प्रिंट द्यायचं की सेव्ह अ‍ॅज, हे रात्री अकरा वाजता आम्ही ठरवतो. तेव्हा कार्यशाळेत आम्हाला बसवा. ताई समोर लॅपटॉप लावून आमच्या फाईली ऐकवून दाखवायला तयार आहेत, त्यांना विचारूनच हे लिहितोय. रविवार ठेवलात तर औसा, निलंगा, उदगीर, अंबाजोगाईची बरीच मंडळी येतील. इतर वार असेल तर सबमिशनची शेवटची तारीख तेवढी टाळा.

आपला नम्र,
लातूरचा एक टायपिंगवाला